रुसव्यावर गाणी मिळतात का?

प्रश्न : दादा, माझं देऊळगाव राजाला शिलाईचं दुकान आहे. ब्लाऊज, परकर आणि जून आला की शाळेचे गणवेश. वडील होते तेव्हा रेडिओ चालायचा, आता मोबाईलला लहानसा स्पीकर जोडलाय, पण गाणी तीच. मी आशाताईंचा माणूस. दोनशेपानी वही केली आहे. डाव्या पानावर लतादीदी, उजव्या पानावर आशाताई, सिनेमाचं नाव, साल, संगीतकार. साल लावता लावता एक गोष्ट ध्यानात आली. जेव्हा जेव्हा दीदींचं कोणाशी बिनसलं, तेव्हा तेव्हा उजवं पान भरलं. बर्मनदादांशी बिनसलं, ताईंना गाणी. रफीसाहेबांशी बिनसलं, ताईंना गाणी. राज कपूरशी, तरी ताईंनाच. ओ. पी. नय्यरनं तर दीदींना कधी बोलावलंच नाही. आमच्या समोर रसवंतीवाला आहे, तो दीदींचा. माझी वही पाहून म्हणते, "पाह्य, तुह्या आशाबाईचं दुकान दीदीच्या कतरणीवर चाललं." हे मला लई लागलं. खरं काय? दोघींत वैर होतं का? आणि दोघी एकाच गाण्यात असल्या की कधी कधी कोण कोणती तेच कळत नाही, ते ओळखायचं कसं?

— एक वाचक, देऊळगाव राजा (नाव छापू नका, गिऱ्हाइकं हसतील)

उत्तर : भाऊ, आधी ती वही कपाटात ठेवा, रसवंतीच्या टेबलावर नको. तुमच्या नोंदी बऱ्याच अंशी बरोबर आहेत. त्यावरून काढलेला अर्थ तेवढा उसवून पाहावा लागेल.

बर्मनदादांपासून सुरुवात करू, कारण तिथं तुमची बाजू सगळ्यांत भक्कम आहे. १९५७ च्या सुमाराला 'सितारों से आगे'मधल्या एका गाण्याचं ध्वनिमुद्रण पुन्हा करायचं होतं. त्यावरून सचिनदेव बर्मन आणि लतादीदी यांच्यात जे फाटलं ते पाचेक वर्षं शिवलं गेलं नाही. त्याच काळात 'काला पानी', 'चलती का नाम गाडी', 'सुजाता' आले आणि बर्मनदादांच्या चाली ताईंच्या गळ्यात उतरल्या. रसवंतीवाल्याला इथपर्यंत मान्य करू. पण पुढचं पान उलटा. १९६१ मध्ये पंचमचा, म्हणजे राहुलदेवचा, पहिला सिनेमा 'छोटे नवाब' आला, त्यात दीदी गायल्या आणि बापाकडचाही अबोला लवकरच सुटला. १९६३ ला 'बंदिनी' आला. आता दीदी घरी परतल्या, तर ताईंना दाराबाहेर काढायला हवं होतं. झालं काय? 'बंदिनी'त दीदींचं 'मोरा गोरा अंग' आहे आणि ताईंचं 'अब के बरस'ही आहे. तुरुंगात बायका दळायला बसल्यात आणि त्यांतली एक माहेराची आठवण काढून गाते, ते गाणं. आपल्याकडच्या ज्या माणसानं लहानपणी पहाटे जात्याची घरघर ऐकली असेल, त्याला ते गाणं कोणी समजावून सांगावं लागत नाही. ताईंच्या सगळ्या गाण्यांतून एकच ठेवायचं म्हटलं तर मी हे ठेवीन. ते रुसवा मिटल्यानंतरचं आहे, एवढं वहीत तांबड्या शाईनं लिहून घ्या.

रफीसाहेबांचं प्रकरण वेगळं. तिथं वाद गायकांच्या रॉयल्टीचा होता. दीदींचं म्हणणं की गाणं विकलं जाईल तसा गाणाऱ्यालाही वाटा मिळावा. रफीसाहेबांचं म्हणणं की मेहनताना घेतला, विषय संपला. १९६३ ते ६७ च्या दरम्यान दोघं एकत्र गायले नाहीत. ही मोकळी जागा ताईंना मिळाली, पण एकट्या ताईंना नाही, सुमन कल्याणपूर यांनाही मिळाली. इथं मला माझी एक फजिती सांगावीच लागेल. कॉलेजात असताना मी एका दुकानात कोरी कॅसेट दिली होती. "लता-रफीची नव्वद मिनिटं भरून द्या." दुकानदारानं भरून दिली आणि वर आपल्या हातानं यादीही लिहून दिली. त्यातलं 'ब्रह्मचारी'चं 'आजकल तेरे मेरे' मी तीन वर्षं लता म्हणून ऐकलं, मित्रांशी पैजा लावल्या. ते सुमनताईंचं होतं! दुकानदारही फसला असेल, त्याला काय बोलणार. कित्येक चांगले कानसेन आजही फसतात.

आता यातून निघणारा मुद्दा पाहा. रिकाम्या जागेनंच माणूस मोठा होत असता, तर सर्वांत मोठा फायदा सुमनताईंना व्हायला हवा होता, कारण दीदींच्या जागी बसवायला त्यांच्याइतका जुळता आवाज दुसरा नव्हता. सुमनताई उत्तमच गायल्या, २०२३ मध्ये त्यांना पद्मभूषणही मिळालं. पण दीदी परतल्या की निर्माते पुन्हा दीदींकडे वळत. ताईंचं तसं झालं नाही, कारण तोवर ताईंकडे लोक जात होते ते ताईंसाठी. आपण दीदींसारखं गात राहिलो तर आपल्याला कोण विचारणार, म्हणून मुद्दाम वेगळी वाट काढली, असं ताईंनीच मुलाखतींतून सांगितलंय. ज्या गिऱ्हाइकाला तुमच्याच हातचा ब्लाऊज बसतो, ते शेजारचं दुकान उघडलं म्हणून पळत नाही. तुम्हाला हे मी काय सांगावं.

राज कपूरचं थोडक्यात. 'मेरा नाम जोकर' १९७० चा, त्यात दीदी नाहीत, ताई आहेत. 'बॉबी' १९७३ चा, त्यात दीदी परत. इथं तुमच्या वहीशी भांडण नाही.

नय्यरसाहेबांना मात्र रुसव्याच्या रकान्यातून काढा. तिथं दीदींची जागा रिकामी झालीच नव्हती, कारण ती कधी भरलीच नव्हती. त्यांच्या चालींना तो आवाज मानवणार नाही असंच त्यांचं मत होतं. सुरुवातीला त्यांच्याकडे गायच्या त्या गीता दत्त आणि शमशाद बेगम. 'सीआयडी' १९५६ ला आणि 'नया दौर' १९५७ ला आला, तेव्हा ताईंनी पाय रोवले. तेव्हा 'कतरण' म्हणायचीच तर ती दीदींच्या कापडाची नव्हे, हे त्या रसवंतीवाल्याला सांगा.

त्याला आणखी एक कोडं घाला. दीदी म्हणजे भजन आणि ताई म्हणजे कॅबरे, अशी वाटणी गावोगावच्या पारावर झालेली आहे. मग १९६५ च्या 'काजल'मधलं 'तोरा मन दर्पण' कोणाचं? ताईंचं. आणि १९६९ च्या 'इंतकाम'मध्ये हेलन नाचते ते 'आ जाने जाँ'? दीदींचं. रसवंतीवाल्याला हे दुसरं पटणार नाही. एक ग्लास रसाची पैज लावून घ्या.

वैराचं विचारलंत. दोघींच्या वयात चार वर्षांचं अंतर, तेही वीस दिवस कमी. दीदींचा जन्म २८ सप्टेंबर १९२९, इंदूरचा. ताईंचा ८ सप्टेंबर १९३३, सांगलीजवळच्या गोवारचा. लहानगी आशा दीदींच्या कडेवरून उतरायची नाही. तिला घेऊनच दीदी शाळेत गेल्या, एका फीत दोघी कशा म्हणून बाई रागावल्या आणि दीदींनी शाळाच सोडली, ही आठवण दीदी सांगत. १९४२ च्या एप्रिलमध्ये वडील मास्टर दीनानाथ गेले. दीदी बारा वर्षांच्या, ताई आठ वर्षांच्या. त्याच वर्षी दीदींचं पहिलं गाणं ध्वनिमुद्रित झालं, 'किती हसाल'साठी, आणि ते सिनेमातून कापलं गेलं. ताईंचं पहिलं १९४३ चं, 'माझं बाळ'मधलं. म्हणजे परकर-पोलक्याच्या वयात दोघी कामाला लागल्या.

खरी जखम झाली ती १९४९ मध्ये. सोळा वर्षांच्या ताईंनी घरच्यांच्या मर्जीविरुद्ध गणपतराव भोसल्यांशी लग्न केलं आणि काही वर्षं माहेर तुटलं. संसार टिकला नाही, ताई मुलांना घेऊन परतल्या. यात गाण्याच्या चढाओढीचा संबंध नाही. थोरल्या बहिणीनं बापाच्या माघारी घर ओढलं आणि धाकटी न विचारता निघून गेली, हे दुःख आपल्या गल्लीतल्या दहा घरांत सापडेल. फरक एवढाच की त्या दहा घरांतल्या बहिणींचा अबोला मासिकांत छापून येत नाही. सई परांजपे यांचा 'साज' आला तेव्हाही गायिका बहिणींची गोष्ट म्हटल्यावर सगळ्या देशानं बोट एकाच घराकडे दाखवलं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण 'ऐ मेरे वतन के लोगों' हे नाव तुमच्या मनात असणार. सी. रामचंद्र यांची ही चाल मुळात दोघींनी मिळून गायची होती. प्रत्यक्षात २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत, पंडित नेहरूंच्या समोर, दीदी एकट्याच उभ्या राहिल्या. ताई का गेल्या नाहीत, याची कारणं सांगणारा प्रत्येक जण वेगळं सांगतो. मी त्यात पडत नाही. ज्या दोन बहिणी पुढं पेडर रोडवर 'प्रभुकुंज'मध्ये शेजारी शेजारी राहिल्या आणि ज्यांच्या दोन्ही घरांमध्ये जोडणारं दार होतं, त्यांच्यात वैर होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. भांडण असेल. भांडण झालं की असं दार धाडकन लावता येतं, आणि दुपारी चहा झाला की उघडताही येतं.

आता मी तुम्हाला एक विचारतो. तुमच्या पत्रात एवढी नावं आली, सगळी हिंदी. वहीत मराठी आहे की नाही? नसेल तर तुमची खरी चूक तिथं आहे. हिंदीच्या बाजारात या दोघींना निर्मात्यांनी, संगीतकारांनी आणि तुमच्या-माझ्यासारख्यांनी समोरासमोर उभं केलं. मराठीत त्या घरच्या घरी गात होत्या. चाल पुष्कळदा धाकट्या भावाची, हृदयनाथांची. कोणाला कोणतं गाणं शोभेल हे त्याला रेकॉर्डच्या खपावरून ठरवायचं नव्हतं. बहिणी कशा हसतात, कशा चिडतात हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं.

आपल्या वऱ्हाडातलंच उदाहरण घ्या. अमरावतीचे सुरेश भट. त्यांच्या दोन रचना, दोन्हींना हृदयनाथांची चाल, दोन्हींत रात्र, जवळ असलेलं माणूस आणि मनातली ओढ. 'मालवून टाक दीप' दीदींना दिली, 'तरुण आहे रात्र अजुनी' ताईंना. एखाद्या रात्री मशीन बंद केल्यावर, रस्ता निजल्यावर, ही दोन लागोपाठ ऐका. दीदींच्या गाण्यात बाई जवळ बोलावते, पण आवाजाला एक झिरझिरीत पडदा आहे. सगळं सांगून झालं तरी ती स्वतःशीच बोलल्यासारखी वाटते. ताईंच्या गाण्यात समोरचा माणूस कूस बदलून झोपलाय हे तुम्हाला दिसतं. तिथं तक्रार आहे, लाड आहे, आणि शब्द संपला तरी श्वास तिथंच रेंगाळतो. गाणी अदलाबदल करून मनात लावून पाहा, जमत नाही. मी पाहिलंय.

दुसरं उदाहरण 'जैत रे जैत', १९७७ चा. कवी ना. धों. महानोर, पळसखेडचे. म्हणजे जिल्हा वेगळा असला तरी आपल्या बुलढाण्यापासून फार लांब नाही, तीच कपाशी, तोच अजिंठ्याचा डोंगर. त्यात 'मी रात टाकली' दीदींचं, 'नभ उतरू आलं' आणि 'जांभुळपिकल्या झाडाखाली' ताईंचं. एकाच सिनेमात, एकाच भावाच्या हाताखाली. इथं कोण कोणावर रुसलं होतं?

दोघी एका गाण्यात असल्या तर कसं ओळखायचं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. शब्दाची सुरुवात ऐकू नका, शेवट ऐका. दीदींचा सूर नेमक्या जागी, सरळ जाऊन टेकतो आणि शेवटाला बारीक होत होत विरतो. ताई शब्द सोडताना त्याला हलकी लचक देतात, कधी एक मुरकी, कधी नुसता उसासा, आणि खालच्या सुरात त्यांचा आवाज जास्त भरतो. तुमच्या भाषेत सांगायचं तर दीदींची तुरपाई आहे, टाका बाहेरून दिसतच नाही. ताईंचा कशिदा, तो दिसण्यासाठीच घातलेला. सरावाला १९५७ च्या 'शारदा'मधलं 'ओ चाँद जहाँ वो जाए' घ्या, सी. रामचंद्र यांचंच. पडद्यावर मीनाकुमारी आणि श्यामा, दोघींच्या मनात एकाच पुरुषाची चिंता. ते जमलं की १९६३ च्या 'मेरे महबूब'चं 'मेरे महबूब में क्या नहीं' घ्या; त्यात दोन मैत्रिणी आपापल्या प्रियकराची तारीफ करतात आणि चढाओढ उघड आहे. शेवटी १९८४ च्या 'उत्सव'मधलं 'मन क्यों बहका'. एकीनं ओळ अर्धी सोडायची, दुसरीनं ती पुरी करायची, असं ते गाणं बेतलंय. तोवर दीदी चोपन्नच्या आणि ताई पन्नाशीच्या झालेल्या. त्यात मला अजूनही एक-दोन जागी शंका येते, तेव्हा तुम्हाला आली तर वाईट वाटून घेऊ नका. आणि जाता जाता, 'मदर इंडिया'तलं 'दुनिया में हम आए हैं' हे लता-आशाचं म्हणून लिहिलं असेल तर खोडा. त्यात दीदींबरोबर मीना आणि उषा आहेत, आशाताई नाहीत.

एक नोंद मात्र मीच तुम्हाला देतो. 'रेशमाच्या रेघांनी' हे गाणं तुम्हाला माहीत असणारच. कर्नाटकी कशिद्याचं गाणं शिंप्याला माहीत नसेल तर कोणाला! शांताबाई शेळक्यांचे शब्द, लावणीच्या अंगानं जाणारी ठसकेबाज चाल, आवाज आशाताईंचा. १९६४ च्या 'मराठा तितुका मेळवावा'मधलं. भालजी पेंढारकरांचा सिनेमा, सुलोचनाबाई त्यात जिजाऊ झाल्या होत्या. तुमच्या देऊळगावाहून जिजाऊंचं सिंदखेड राजा जवळच, तेव्हा बारा जानेवारीला, त्यांच्या जयंतीला, लाऊडस्पीकरवर या सिनेमातली गाणी तुम्ही शंभरदा ऐकली असतील. रेकॉर्डवर संगीतकाराचं नाव होतं 'आनंदघन'.

हे आनंदघन कोण, ते बरेच दिवस लोकांना ठाऊक नव्हतं. १९४९ मध्ये 'महल'च्या तबकडीवर कंपनीनं लताऐवजी पडद्यावरच्या पात्राचं, कामिनीचं, नाव छापलं होतं; या वेळी लपण्याची इच्छा दीदींचीच होती. पुढं 'साधी माणसं'च्या संगीतासाठी आनंदघनांना राज्य पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्या प्रेक्षकांत गप्प बसून होत्या. आनंदघन इथंच बसलेत, असं व्यासपीठावरून सांगितलं गेलं तेव्हा कुठं गुपित फुटलं.

म्हणजे कशिद्याची ती चाल लतादीदींची. त्याच सिनेमात 'अखेरचा हा तुला दंडवत' त्यांनी स्वतःच्या गळ्याला ठेवलं आणि हे नखऱ्याचं गाणं धाकटीला दिलं. स्वतः चाल बांधायची, स्वतः उत्तम गाणारी, तरी कापड बेतताना माप दुसरीचं घ्यायचं. ऐकताना बघा, ताईंना जिथं लचक द्यायला आवडते, नेमकी तिथंच चालीत जागा सोडलेली आहे. एवढं अचूक माप घ्यायला तो गळा कडेवर असल्यापासूनचा ओळखीचा लागतो.

आता ही नोंद तुम्ही डाव्या पानावर करता की उजव्या, ते कळवा. रसवंतीवाल्यालाही विचारा, पण आधी पैजेचा रस पिऊन घ्या.